आधी मोजपट्टी, मग वजनकाटा: स्थूलपणात हृदय आणि शुगर सांभाळण्यासाठी आहार-व्यायामाची सुरुवात

माझ्या पॅन्टचा नंबर १२ वर्षं ३६ होता. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. वजन वाढलंय हे कबूल, पण कंबर जागच्या जागी आहे, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. मग एका तपासणीत नर्सने बेंबीच्या वर टेप लावला आणि आकडा वाचला: १११ सेंटीमीटर. म्हणजे जवळपास ४४ इंच. झालं असं होतं, की पोट जसजसं सुटत गेलं तसतसा पट्टा खाली सरकत गेला. पॅन्ट पोटाखाली बसत होती आणि नंबर तोच राहत होता.

त्याच दिवशी बीपी १४८/९४, उपाशीपोटी शुगर ११२, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४० (दोन्ही मिलिग्रॅम/डेसिलिटरमध्ये, पुढेही तसंच). छातीत कधी दुखलं नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. त्यानंतरच्या ९ महिन्यांत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि तिथून घरी आल्यावर नेमकं काय करायचं, ते मला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- शिंप्याची मऊ टेप
- दंडाला बांधायचं बीपी मशीन, आपल्या दंडाला बसेल अशा कफचं
- एक साधी वही (मी दोन अॅप लावून पाहिली, दोन्ही आठवड्यात सुटली)
- टाचेला आधार देणारे, पुढे बोटांना जागा असलेले बूट
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट
- मागचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले

१. घेर मोजा, आणि तो योग्य जागी मोजा

सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी बोटांनी चाचपा, मग कमरेचं हाड चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप फिरवा. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका. तिथे बघायला कोणी नसतं. टेप मागून खाली घसरलेली असते, म्हणून आरशात एकदा पाहा. दोनदा मोजा.

सोपा नियम असा: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. माझी उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे घेर ८५च्या आत हवा होता. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटात चरबी साठते. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ही रेघ ९४ आहे.

घेराला एवढं महत्त्व का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. त्वचेखालची, चिमटीत धरता येणारी चरबी त्यामानाने गरीब असते. त्रास देते ती आतली, आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी. तिच्यातून फॅटी अॅसिड थेट यकृताकडे जातात. यकृत त्यातून ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं, शिवाय इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग शुगर वाढते, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, बीपी चढतं. ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. दिलासा हा, की हालचाल वाढली की ही आतली चरबी लवकर हलते. कधीकधी तर वजनकाटा ढिम्म असतानाही.

२. पाच आकडे लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर हे पाच आणि त्यांची धोक्याची रेघ लिहा, आणि आपला आकडा शेजारी मांडा:

- पोटाचा घेर (वरच्याप्रमाणे)
- बीपी: १३०/८५ किंवा जास्त
- उपाशीपोटी शुगर: १०० किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड: १५० किंवा जास्त
- एचडीएल: पुरुषांत ४०पेक्षा कमी, बायकांत ५०पेक्षा कमी

पाचांपैकी तीन बिघडले असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एखाद्या आकड्यासाठी औषध चालू असेल तर आता तो नॉर्मल दिसला तरी बिघडलेल्यातच धरायचा. माझे पाचही बिघडलेले होते. यांच्या जोडीला एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) हवेतच. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. मात्र अॅनिमिया असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा. यकृताचे एन्झाइम आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी) याच रक्तात तपासून होतात.

आता बीपीचा सापळा. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटं चढं येतं. मला एका ठिकाणी १६०च्या वर दाखवलं, डोस वाढवायची भाषा सुरू झाली, आणि मोठा कफ लावल्यावर तेच १४२ निघालं. म्हणून दंडाचा घेर टेपने मोजा आणि कफवर छापलेल्या सेंटीमीटरशी ताडून पाहा. मोजताना पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर. बोलायचं नाही. लघवी दाबून ठेवून मोजलं तरी आकडा चढतो.

३. आधी कोणाला विचारून सुरू करायचं

हळू चालायला बहुतेकांना परवानगी लागत नाही. पण जिना चढताना छातीत दाब येतो, थोड्या श्रमातच धाप लागते, धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येते, पायावर सूज राहते, हृदयविकार आधीच आहे किंवा बीपी १८०/११०च्या वर जातंय, असं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

दोन औषधांबद्दल आवर्जून विचारा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी चालू असेल तर खाणं कमी आणि चालणं जास्त झालं की शुगर ७०च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, अचानक चिडचिड ही त्याची खूण. खिशात ग्लुकोज ठेवा आणि आहार बदलण्यापूर्वीच डोसबद्दल बोलून घ्या. दुसरं, बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी-हृदयासाठी दिली जाणारी एक गोळी. त्याने नाडी मुळातच मंद राहते, त्यामुळे घड्याळातलं 'टार्गेट हार्ट रेट' तुमच्यासाठी निरर्थक आहे.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहा. बुटाने झालेला फोड दुखत नसेल तर ती चांगली बातमी नाही.

४. किती कमी करायचं?

मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं, '२५ किलो'. तो आकडा बघूनच दोन आठवड्यांत हातपाय गळाले.

२००२ साली अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचा निकाल आला. त्यात ३,२३४ जण होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. एका गटाला दिलेलं लक्ष्य होतं ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. सरासरी २.८ वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. माझ्या ९६ किलोंचे ७ टक्के म्हणजे पावणेसात किलो. हा आकडा माणसाच्या आवाक्यातला वाटतो.

पण एक बाजू झाकून दुसरी दाखवणं बरं नाही. लुक अहेड नावाच्या अभ्यासात आधीच टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांना असाच कार्यक्रम दिला होता. २०१३ साली निकाल आला तेव्हा शुगर, बीपी, घोरणं सगळं सुधारलं होतं, तरी हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात एकूणात कमी झाले नव्हते. नंतरच्या विश्लेषणात, पहिल्या वर्षात १० टक्के किंवा अधिक वजन उतरवणाऱ्यांत मात्र हा धोका कमी दिसला. मी यातून घेतलं ते इतकंच: मधुमेह होण्याआधी हात घातलेला बरा, आणि आहार-व्यायाम चालू आहे म्हणून बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करायची नाही.

वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

५. ताट

कमी कर्बोदकं की कमी चरबी, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. २०१८ साली ६०९ जणांवर वर्षभर हेच तपासलं गेलं. एका गटाचं सरासरी ५.३ किलो कमी झालं, दुसऱ्याचं ६ किलो. फरक नगण्य. एकाच गटात काहींचं मात्र भरपूर उतरलं, काहींचं उलट वाढलं. तेव्हा जी पद्धत तुम्ही सणावारी, प्रवासात, आजारपणातही चालवू शकाल ती तुमची.

ताटाची मांडणी मी अशी ठेवली: अर्ध्या भागात भाज्या, शिजवलेल्या आणि कच्च्या. पाव भागात प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, दूधदुभतं, चालत असेल तर अंडी, मासे. उरलेल्या पावात धान्य, जमेल तेवढं पॉलिश न केलेलं, कोंड्यासकट. आणि जेवणाची सुरुवात भाजीने. पोट आधी तंतूंनी भरलं की धान्याकडे हात कमी वळतो, हे मी स्वतःवर पाहिलंय.

यापुढे नुसतं 'सगळं कमी' करण्यापेक्षा आपला कोणता आकडा बिघडलाय ते बघा, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीने हलतो.

*ट्रायग्लिसराइड* साखर, मैदा आणि दारूने चढतं, आणि तितक्याच चटकन उतरतं. माझ्या बाबतीत चहा-कॉफीतली साखर आणि 'आरोग्यासाठी' घेतलेला फळांचा रस हे दोन चोर होते. फळ चावून खा. रसात साखर तेवढीच राहते आणि चोथा जातो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर धरून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, ५ टक्के झाली तर उत्तम. २,००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम.

*एलडीएल* मात्र वजन उतरलं तरी फारसं हलत नाही. ते हट्टी आहे, आनुवंशिकतेचा वाटा मोठा. त्यासाठी लोणी, तूप, साय, पाम तेल, चरबीदार मांस यांच्या जागी असंतृप्त चरबीची तेलं आणि मूठभर सुकामेवा आणायचा. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. तूप बंद करून बिस्किटं वाढवली तर एलडीएल थोडं उतरेल, पण ट्रायग्लिसराइड चढेल. ओट्स, बार्ली, कडधान्यं यांतला विरघळणारा तंतू एलडीएल थोडा खाली आणतो.

*बीपी* मीठ आणि वजन दोन्हींमुळे चढतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, तोही सगळं मिळून. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. इथे एक सापळा आहे: 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते जिवावर बेतू शकतं. विचारल्याशिवाय आणू नका.

तेलाबद्दल एक युक्ती. चमचे मोजणं कोणाला जमत नाही. मी बाटली फोडली की तिच्यावर मार्करने तारीख टाकायला लागलो. पहिली एक लिटरची बाटली आम्हा तिघांत ९ दिवसांत संपली होती. भागाकार केला तर माणशी दिवसाला ३५ मिलिलिटरच्या वर. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण १५ मिलिलिटरमध्ये, १२० कॅलरी असतात. चांगल्या तेलातही तेवढ्याच. बायकोशी वाद न घालता, नुसती तारीख वाचून दाखवून, तीच बाटली पुढे १७ दिवस पुरायला लागली.

'शुगर फ्री', 'मल्टिग्रेन', 'लाइट' हे पाकिटाच्या पुढच्या बाजूचे शब्द. मागची बाजू वाचा, दर १०० ग्रॅमचा रकाना बघा, आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं आहे ते पाहा. जे सर्वात जास्त ते सर्वात आधी छापतात.

६. चालायला लागा, पण आरंभशूर होऊ नका

मी पहिल्याच सकाळी धावलो. ९६ किलोचा माणूस, जुने बूट, ४० मिनिटं. चौथ्या दिवशी नडगीत अशी कळ गेली की पुढचे तीन आठवडे घरात. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं, स्नायुबंध, सांधे सावकाश. दम आहे म्हणून पाय तयार आहेत असं नसतं.

नंतर जे जमलं ते असं:

पहिले दोन आठवडे: तिन्ही जेवणांनंतर १० मिनिटं चालणं, बस. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढतात. त्यामुळे जेवणानंतरच्या चालण्याने शुगरची उसळी दबते.

तिसऱ्या आठवड्यापासून: एक फेरी दर आठवड्याला ५ मिनिटांनी वाढवा, ३० मिनिटं होईपर्यंत. ती वेगाने, बाकीच्या संथ.

तिसऱ्या महिन्यापर्यंत: आठवड्याला १५० मिनिटं वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५० ते ३०० मिनिटांची आहे.

वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. बीटा ब्लॉकर चालू असणाऱ्यांनाही ही कसोटी चालते. मी फोनवर बोलत चालायचो. समोरच्याने 'धावतोयस का?' असं विचारलं की वेग बरोबर.

सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो तो एक ते तीन दिवसच टिकतो, मग ओसरतो. रविवारी एकदम अडीच तास चालून हिशेब चुकता करण्यापेक्षा विभागून चाललेलं शुगरला जास्त मानवतं. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम घ्या.

आणि व्यायामाचं बक्षीस म्हणून खाऊ नका. ८० किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर १४० कॅलरीच्या आसपास जळतात. त्या एका गोडाच्या तुकड्यात परत येतात. वजन उतरतं मुख्यतः ताटामुळे. चालण्याने हृदय, शुगर, आतली चरबी सुधारते आणि उतरलेलं वजन परत चढत नाही.

चालताना छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम आला तर तिथेच थांबा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. 'अॅसिडिटी असेल' म्हणत घरापर्यंत चालत जाऊ नका.

७. ताकदीचा व्यायाम टाळू नका

मी पाच महिने टाळला, आणि त्याचा पस्तावा आहे. वजन उतरतं तेव्हा त्यातला साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असू शकतो. साखर साठवण्याची मोठी कोठी म्हणजे स्नायू. तीच मोडली तर कसं चालेल?

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. जोर लावताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणी बीपी भलतं उसळतं.

८. झोपेची चौकशी

घरच्यांना विचारा: मी मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास थांबतो का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल किंवा तीन गोळ्यांनीही बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार, अंगात असताना ताट आणि बूट दोघेही अर्धेच काम करतात.

९. वजन अडकलं की

माझं ९० वर आठ आठवडे अडकलं. अंग हलकं झालं की ते चालवायला कॅलरीही कमी लागतात, शिवाय शरीर काटकसर शिकतं आणि भूक वाढवतं. त्या आठ आठवड्यांत वहीत घेर १०६ वरून १०३ वर आला होता. वही नसती तर मी सोडून दिलं असतं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर घ्या. रोजचा एक-दीड किलोचा चढउतार पाण्याचा असतो.

एचबीएवनसी तीन महिन्यांआधी परत करू नका. लाल पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्याआधी खरा फरक दिसत नाही. ९ महिन्यांनी माझं वजन ८९, ट्रायग्लिसराइड १५८, एचबीएवनसी ६.१ वरून ५.७. एलडीएल जवळपास तिथेच, म्हणून त्याची गोळी चालू आहे. घेर अजून ८५च्या कितीतरी वर आहे. आकडे हलतच नसतील तर वजन कमी करणाऱ्या औषधांबद्दल किंवा शस्त्रक्रियेबद्दल विचारायला लाजू नका. तो आळशीपणाचा दाखला नाही. त्यांच्यासोबतही सातव्या पायरीतला व्यायाम लागतोच, उलट जास्तच लागतो.

शेवटची सूचना बीपीची गोळी घेणाऱ्यांसाठी. वजन उतरत गेलं की जुना डोस जड होऊ लागतो. मला सहाव्या महिन्यात पलंगावरून उठताना अंधारी यायला लागली. मी ते उपाशी राहिल्याने होतंय असं समजून दोन आठवडे काढले. तसं करू नका. बसून एकदा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांनी पुन्हा एकदा बीपी मोजा, दोन्ही आकडे तारखेसकट लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. माझा डोस निम्मा झाला, पण तो त्यांनी केला.